मार्ग क्रमांक चार : स्वयंपाकघर ते बाल्कनी

...आणि वर मलाच घाबरट म्हणतात! मला! एकतीस वर्षं आपल्या या पांचेवो शहराच्या रस्त्यांवरून सिटीबस चालवलेल्या माणसाला! नाही नाही, तिकडे नका बसू, म्हणजे बसा हो, बाक काय माझ्या बापाचा आहे का, पण माझ्या उजव्या हाताला बसा, डावीकडे बसलात तर मला दिसणार नाही तुम्ही. दोन आठवडे झाले, माझी मान डावीकडे वळतच नाहीये. का वळत नाही तेच तर सांगतोय... आणि जरा दोन मीटरवर बसा. अजून थोडं. हां, बास. घाबरत नाही मी, तुम्हाला सांगतो. काळजी घेतो.

तर झालं काय, जानेवारीत माझ्या छातीत दुखलं. दुखलं म्हणजे कसं, एखादी म्हातारी बाजार करून पिशव्यांसकट येऊन छातीवर बसावी आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत उतरूच नये, तसं. इस्पितळात नेलं, दोन स्टेंट टाकले, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर रुझित्सा आल्या. माझ्या मुलीच्या वयाची बाई, पण बोलणं असं की तिकीट फाडून हातात ठेवावं. म्हणाल्या, काका, तुम्ही एकतीस वर्षं बसून काढलीत, आता चाला. रोज चार हजार पावलं, एक कमी नाही. जूनमध्ये या, मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून बघते, नऊ मिनिटं टिकलात तर घरी जा, नाही टिकलात तर छाती उघडावी लागेल.

छाती उघडावी लागेल! असं म्हणाल्या जसं काही बॉनेट उघडायचंय. आता मी डेपोत आयुष्य काढलेला माणूस, बॉनेट उघडलेल्या बस मी शेकड्यांनी पाहिल्यात, आणि उघडून परत आलेली एकसुद्धा बस पहिल्यासारखी चाललेली मी पाहिलेली नाही. काहीतरी खडखडतंच. तेव्हा मी ठरवलं, माझं बॉनेट कोणी उघडायचं नाही. चालायचं. फेब्रुवारी महिनाभर असा चाललो म्हणता! लाल रंगाचा ट्रॅकसूट घेतला, पाठीवर पांढरे पट्टे, आणि आमची इस्क्रा, म्हणजे माझी मुलगी, ती तिकडे ऑस्ट्रियात ग्राझला असते, तिने नवीन वर्षाला तो मनगटावरचा पावलं मोजायचा पट्टा पाठवलेला, तो बांधला, आणि इथेच, या तामिश नदीच्या काठाने, रोज सकाळी. लोक वळून बघायचे. पट्ट्यावरचा आकडा माझ्याआधी ग्राझला पोचायचा, तिच्या फोनवर, आणि तिचा निरोप यायचा, बाबा, आज पाच हजार, शाब्बास. मुलीने बापाला शाब्बास म्हणावं... बरं वाटायचं हो. खोटं कशाला बोलू.

आणि मग साथ घेऊन आला तो मार्च. तुम्हाला वेगळं सांगायला नको. पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आता मी सदुसष्टचा आणि माझी बायको दोब्रिला चौसष्टची, म्हणजे कायद्याने ती तरुण आणि मी म्हातारा. चाळीस वर्षं मी वय विचारलं की या बाईने मला चार वर्षं कमी सांगितलं होतं, खरी जन्मतारीख मला पहिल्यांदा कळली ती तेव्हा, कारण तिला बाहेर जायचा हक्क आहे की नाही हे ओळखपत्रावरून बघावं लागलं! बाजार ती करणार, ब्रेड ती आणणार, माझ्या गोळ्या ती आणणार, आणि मी दारात व्हिनेगरची बाटली घेऊन उभा. कोट बाहेर काढ, बूट बाहेर काढ, कांदे त्या बादलीत टाक, तू त्या बाथरूममध्ये जा. ती म्हणाली, तिहोमिर, तू मला कांद्यांच्या नंतर आत घेतोस. मी म्हटलं, कांदे बोलत नाहीत, तोंडातून थुंकी उडत नाही त्यांच्या. घाबरलो नव्हतो मी. काळजी घेत होतो.

आठ वाजता सगळं गाव बाल्कनीत येऊन डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायचं, आठवतंय ना? मी आतून वाजवायचो. बाल्कनीचं दार बंद करून, पडद्याआडून. हातमोजे असायचे, त्यामुळे आवाज काही यायचा नाही, पण भावना होती.

आणि व्यायाम? कसला व्यायाम घेऊन बसलात! पहिल्या आठवड्यात एक दिवस मनगटावर बघतो तर दोनशे बारा. पावलं दोनशे बारा, आणि त्यातली निम्मी फ्रीजपर्यंतची. ट्रॅकसूट होता अंगात, नाही असं नाही, दिवसभर असायचा, पण सोफ्यावर. इस्क्राचा फोन यायचा, बाबा, घरातल्या घरात चाला की. मी म्हणायचो, अगं चालून श्वास वाढतो, श्वास वाढला की हवा जास्त आत जाते, हवा जास्त आत गेली की त्यात जे काय आहे तेही जास्त आत जाणार, साधा हिशोब आहे. डॉक्टर रुझित्सांचाही फोन आला एकदा, चालताय ना काका? मी म्हटलं, हो, हो, भरपूर. सोफ्यावर पडल्या पडल्या म्हटलं. पण बसमध्ये बिनतिकिटाचा माणूस मला मान वर न करता कळायचा, तसं त्यांनाही कळलं असणार.

एप्रिल सरताना सरकारला आमची दया आली. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहानंतर, अर्धा तास, घरापासून सहाशे मीटर. जा म्हाताऱ्यांनो, चाला. दोब्रिलाने ट्रॅकसूटला इस्त्री केली. ट्रॅकसूटला! मी तयारी केली. आधी एक मास्क, त्यावर दुसरा मास्क, भांडी घासायचे रबरी हातमोजे, आणि हा रोग डोळ्यांतूनसुद्धा शिरतो असं कुठेतरी वाचलं होतं म्हणून इस्क्राचा शाळेतला पोहण्याचा चष्मा. निळा. दोब्रिला माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय.

आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये तर मी मेलो तरी पाय ठेवणार नाही, तेव्हा जिन्याने निघालो. योजना अशी की जिन्यात श्वासच घ्यायचा नाही. चौथ्यावर छाती भरून घ्यायची आणि थेट रस्त्यावर सोडायची. बरं, तिसऱ्यापर्यंत ठीक. दुसऱ्यावर कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. आणि पहिल्या मजल्यावर दार उघडलं आणि झिवादिन बाहेर आला. झिवादिन कोण विचाराल तर आमचा शेजारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वयाच्या चौदाव्या वर्षापासून सिगरेट ओढतोय, या माणसाचा खोकला ऐकून आम्ही गेली पंचवीस वर्षं घड्याळ लावतो. तो खोकला मला पाठ आहे! पण त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, तो एकदाच असा खोल खोकला, मला बघून हात पुढे केला, म्हणाला, अरे तिहोमिर, पोहायला निघालास का?

मी पळालो. खाली नाही, वर. तीन मजले. दोन स्टेंटचा माणूस, श्वास कोंडलेला, चष्म्याला वाफ धरलेली, कठडासुद्धा धरायचा नाही कारण कठड्याला सगळे हात लावतात... दारात पोचलो आणि पायपुसण्यावर बसलो ते बसलोच. तोंडाला कोरड, छाती अशी धाडधाड, आणि डोळ्यांसमोर ते बॉनेट. दोब्रिलाने दार उघडलं. अर्ध्या तासाची परवानगी घेऊन गेलेला नवरा चार मिनिटांत परत. तिने व्हिनेगर आणलं, मला पुसलं, चष्मा काढला, आणि या खेपेला तिचे खांदे हलत नव्हते. मी जाहीर केलं की आता जूनपर्यंत मी या दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. घाबरलो म्हणून नव्हे. काळजी म्हणून.

पण ट्रॅकसूट मी काढला त्या दिवशी. खुंटीला लावला. रात्री जेवताना तो समोर दिसायचा, लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा, बाहीची घडी तशीच इस्त्रीची, आणि मला... काय सांगू, सूप गिळेना. बाहेर गेलो तर तो रोग मारणार, घरात बसलो तर हे हृदय मारणार. मी एक दिवस दोब्रिलाला बॉयलरच्या हमीचे कागद कुठे ठेवलेत ते दाखवून ठेवलं. म्हटलं, मागाहून शोधाशोध नको. त्याच आठवड्यात मी आंघोळीला गेलेलो असताना, त्या दिवशीची तिसरी आंघोळ, फोन वाजला. बाहेर येऊन विचारलं कोणाचा, तर म्हणाली राँग नंबर.

आता मुद्द्याची गोष्ट. खिडक्या.

टीव्हीवरचे डॉक्टर रोज सांगायचे, घरात हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा, समोरासमोरच्या उघडा. समोरासमोरच्या! आता हे वाक्य आमच्या लोकांना सांगायचं म्हणजे काय? आमच्याकडे माणूस युद्धातून परत येतो, महागाईतून वाचतो, पण समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्यांतून आरपार वारा आला की संपला. प्रोमाया! त्या वाऱ्याला वेगळं नाव आहे आमच्यात, इतका तो भारी. मान धरली, प्रोमाया. दात दुखला, प्रोमाया. कान, कंबर, मूत्रपिंड, नापास मुलगा, सगळं प्रोमाया. माझ्या बसमध्ये जुलैत चाळीस डिग्रीत माणसं चक्कर येऊन पडायची, पण एक खिडकी बोटभर सरकली की मागून सात आवाज यायचे, अहो ड्रायव्हर, वारा लागतोय, आम्हाला मारायला बसवलंय का! आणि मी आरशात बघून ओरडायचो, लावा ती खिडकी. मी! एकतीस वर्षं मीच लावायला लावल्यात खिडक्या.

आणि दोब्रिला तर विचारूच नका. तिची आत्या स्तानोयका वाऱ्याने गेली. चौऱ्याण्णव वर्षांची होती, मधुमेह, पायाला जखम, एक डोळा गेलेला, पण एका रविवारी स्वयंपाकघराची खिडकी आणि दार एकदम उघडं राहिलं आणि शुक्रवारी गेली. कशाने गेली? वाऱ्याने. यावर त्यांच्या घरात चर्चा होत नाही.

तेव्हा बघा, एका घरात दोन माणसं. एकाला बंद हवेची भीती... काळजी, आणि एकीला उघड्या हवेची. आमचं घर लांबट, एका टोकाला स्वयंपाकघराची खिडकी, दुसऱ्या टोकाला बाल्कनीचं दार, मध्ये बोळासारखा पॅसेज, बावीस पावलं. मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. बावीस पावलं चालून बाल्कनीचं दार उघडलं. वारा असा सुटला की कॅलेंडरने दोन महिने उलटले. मी समाधानाने सोफ्यावर बसलो. आणि आलं ऐकू, टक्. कडी. स्वयंपाकघराची. उठलो, गेलो, उघडली, परत आलो, बसलो. टक्. आता बाल्कनीची! ही बाई पायात लोकरी चपला घालते, पावलाचा आवाज नाही, मांजर बरी, निदान तिला घुंगरू बांधता येतं.

आधी दिवसाला सात-आठदा व्हायचं. पण मेच्या सुरुवातीपासून तिला काय झालं कोणास ठाऊक, अंगात आल्यासारखी करायला लागली. मी बसलो रे बसलो की टक्. मी वर्तमानपत्र उघडलं की टक्. कॉफी ओतली, साखर ढवळली, कप तोंडाला लावणार, टक्! दोन महिन्यांत मी गरम कॉफी प्यायलो नाही. मी तिला समजावलं, टीव्हीतला डॉक्टर दाखवला. तिने सांगितलं, त्याची आत्या गेली का वाऱ्याने? नाही ना? मग त्याला काय कळतंय. मी खिडकीला दोरी बांधली, तिने कापली. मी कडी काढून खिशात ठेवली, तर तिने खिडकी ढकलून तिला लोणच्याची बरणी टेकवून ठेवली, दहा किलोची, आता ती उचलायला मी वाकणार, ठेवणार, तोवर मागे बाल्कनी, टक्.

मग मी डोकं लावलं. म्हटलं, तिहोमिर, हा मार्ग आहे. हा मार्ग समज. मार्ग क्रमांक चार, स्वयंपाकघर ते बाल्कनी. थांबे तीन, कोठीची खोली, बाथरूम, बैठक. वेळापत्रक नाही, पण ते आमच्या डेपोतही कुठे पाळायचे. मी निघायचो आणि मोठ्याने पुकारायचो, पुढचा थांबा बाथरूम, उतरणाऱ्यांनी पुढे या! आणि ती समोरून यायची, परतीची गाडी, पॅसेज अरुंद, दोघांना एकदम जाता येत नाही, मी भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचो, बस ड्रायव्हर एकमेकांना करतात तसा हात करायचो. ती हात करायची नाही. ती बघायची माझ्याकडे. तोंडाकडे नाही, छातीकडे बघायची. धाप लागलीय का बघावं तशी. तेव्हा मला वाटलं, बटण तुटलं असेल.

आणि इकडे इस्क्राचे फोन सुरू. बाबा, आज तीन हजार! बाबा, आज चार हजार चारशे! बाबा, तुम्ही काय करताय काय? मी म्हटलं, अगं तुझा पट्टा बिघडलाय, मी रागाने हात उडवतो ते तो पावलं म्हणून मोजतोय. ती हसली. म्हणाली, आईला द्या फोन. मग त्या दोघी बराच वेळ हळू आवाजात. मी विचारलं काय बोललात, तर म्हणे भाजलेल्या मिरच्यांची कृती विचारत होती. मेमध्ये! भाजायच्या त्या जाड लाल मिरच्या येतात सप्टेंबरात! पण मला कुठला सुचायला वेळ, तेवढ्यात टक् झालं.

जून सरत आला. तपासणीचा दिवस जवळ आला तसं माझं अन्न तुटलं. हिशोब करायचो, मार्चपासून मी एकदाच बाहेर पडलो, तेही चार मिनिटं. व्यायाम म्हणावा असा शून्य. नऊ मिनिटं पट्ट्यावर? मी तर दीड मिनिटात पडणार. बॉनेट उघडणार. तपासणीच्या दिवशी सकाळी दोब्रिलाने लाल ट्रॅकसूट खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तू येतेस का बरोबर? ती म्हणाली, आत सोडत नाहीत कोणाला, तू जा, मी केस धुणार आहे आज. मला राग आला. नवऱ्याची छाती उघडायची वेळ आणि हिला केस धुवायचेत.

इस्पितळात गेलो. तुम्हाला सांगतो, जिवाच्या भीतीने मी... काळजीने मी कोणत्याच खुर्चीला टेकलो नाही, पाऊण तास मधोमध उभा, हात असे हवेत. मग आत बोलावलं. उघडा केला मला, छातीवर वायरी चिकटवल्या, तोंडावर मास्क, आणि तो सरकता पट्टा होता कुठे तर बरोबर खिडकी आणि दार यांच्या मध्ये. खिडकी सताड उघडी. दार सताड उघडं. रोगाच्या भीतीने, म्हणजे नियमच तसा. डॉक्टर रुझित्सांनी बटण दाबलं. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, पुढचा थांबा कोठी.

पहिलं मिनिट गेलं. तिसरं गेलं. पट्टा वर उचलला, चढण केली. मी आपला कोठी, बाथरूम, बैठक, बाल्कनी, वळा, बैठक, बाथरूम, कोठी. सहावं. दोब्रिला समोरून येतेय, वाट द्या. आठवं. दम लागत होता, नाही असं नाही, घाम डोळ्यांत जात होता, पण ती पिशव्यावाली म्हातारी काही छातीवर येऊन बसेना! नववं झालं, दहावं झालं, अकराव्याला डॉक्टरांनीच थांबवलं. मास्कच्या वर त्यांच्या भुवया दिसल्या, त्या केसांत गेल्या होत्या. म्हणाल्या, काका, उत्तम आहे, काही उघडायची गरज नाही, कुठे चालायला जात होतात? मी म्हटलं, मार्ग क्रमांक चारवर. त्या म्हणाल्या, काकूंना माझा नमस्कार सांगा. मी म्हटलं सांगतो. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही बघा, कारण त्याच क्षणी घामेजल्या मानेला, डाव्या बाजूला, खिडकीतून गार वाऱ्याची सुरी लागली. मी ओळखली ती. एकतीस वर्षं आरशात बघून ज्यांना मी खिडक्या लावायला सांगितलं, त्या सगळ्यांच्या तोंडी जी होती, तीच ती.

घरी आलो. चार मजले चढून, श्वास घेत चढलो. झिवादिन खोकला, मी त्याला हात केला. किल्लीने दार उघडलं, म्हटलं ओरडून सांगावं, दोब्रिला, अकरा मिनिटं...

स्वयंपाकघराची खिडकी उघडी. बाल्कनीचं दार उघडं. पडदे छताला. आणि पॅसेजच्या बरोबर मधोमध, बाथरूमच्या थांब्यापाशी, स्टुलावर दोब्रिला बसलेली, डोळे मिटून, डोकं भिंतीला टेकलेलं. आणि केस ओले. ओले! आरपार वाऱ्यात, ओल्या केसांनी, स्तानोयका आत्याची भाची! आमच्याकडे हे असं कोणी जिवंतपणी करत नाही हो. मला वाटलं, गेली.  मी दोनदा हाक मारली.

तिने डोळे उघडले. विचारलं, किती मिनिटं?

मी म्हटलं, अकरा.

तिने नुसती मान हलवली. आणि मग रडायला लागली. आमच्या संसारात मी तिला कांदा चिरताना सोडून कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी आधी खिडकी लावायला धावलो, सवयीने उलट झालं बघा, आता मी लावतोय! तर म्हणाली, "राहू दे ती उघडी. दोन महिने मला उकडतंय."

मग सांगितलं तिने सगळं. तो राँग नंबर म्हणजे डॉक्टर रुझित्सा. त्यांनी सांगितलं होतं, काका खोटं बोलताहेत, असेच पडून राहिले तर जूनपर्यंतसुद्धा कठीण आहे, काहीही करून त्यांना चालवा. आणि दोब्रिलाने विचार केला, याला सांगून हा ऐकणार? याला बाहेर काढावं तर हा चष्मा लावून पायपुसण्यावर मरणार. पण खिडकी लावली की उठतो. तेवढंच एक आहे ज्यासाठी हा माणूस उठतो. म्हणून लावत होती. दिवसाला शंभर-शंभर वेळा, गुडघे धरलेले असताना. आकडा कमी पडला की ग्राझहून फोन, आई, अजून सहाशे पावलं हवीत, की लावली खिडकी.

मी म्हटलं, आणि मी समजत होतो तू वाऱ्याला घाबरतेस.

"घाबरत होते रे, तिशा," ती म्हणाली. "वाऱ्याला नव्हे."

तिशा म्हणाली मला. लग्नाआधी म्हणायची. मी तिच्या शेजारी खाली बसलो, फरशीवर, गार फरशीवर, तेही आमच्याकडे करत नाहीत. आणि मी सांगून टाकलं. म्हटलं, मीही घाबरलो होतो. काळजीबिळजी काही नाही. घाबरलो होतो, फार घाबरलो होतो. ती म्हणाली, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. आणि दोघं तसेच बसलो त्या वाऱ्यात, किती वेळ कोणास ठाऊक. बरं वाटत होतं. खरंच सांगतो, वारा इतका छान लागतो हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान डावीकडे वळेना, आणि तिची उजवीकडे.

हसू नका! चाळीस वर्षं आपण जे म्हणत होतो ते खरं निघालं याचा आनंद तिच्या तोंडावर दुखण्याच्या वरताण होता. कोबीची पानं बांधली, राकिया दारू चोळली, काही उपयोग नाही. आता आम्ही रोज चालायला येतो इथे, दोघं, ट्रॅकसूट घालून, तिलाही घेतलाय, हिरवा, आणि दमलो की या बाकावर बसतो. तर त्यात अशी गंमत झालीय की ती माझ्या उजवीकडे बसली तर आम्हाला एकमेकांची तोंडं दिसतात, आणि डावीकडे बसली तर ना मला ती दिसत, ना तिला मी, दोघं आपले नदीकडे बघत. सकाळी गोडीत असलो की उजवीकडे बसते. काही बिनसलं की उठते आणि डावीकडे जाऊन बसते. काही बोलत नाही, फक्त जागा बदलते. मी काय करू? मी उठतो, वळसा घालतो आणि तिच्या पलीकडे जाऊन बसतो. ती पुन्हा उठते. संध्याकाळी ग्राझहून निरोप, बाबा, आज सहा हजार.

आज सकाळी मी नुसतं एवढंच म्हटलं की घाबरण्यात माझ्यापेक्षा तू वरचढ निघालीस, तर गेली उठून. म्हणाली, ब्रेड घेऊन येते. त्याला झाला आता बराच वेळ. तेव्हा म्हटलं, ती नाहीये तोवर तुम्हाला सांगून टाकावं, ती रडली ते, आणि जन्मतारखेचं ते, कारण तिच्यासमोर बोललो असतो तर माझी खैर नव्हती... का हो, असे का बघताय? माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे काय बघताय?

माझ्या डावीकडे कोणी येऊन बसलंय का?

हिरवा ट्रॅकसूट?

...कधीपासून?

बादलीतल्या कांद्यांपासून म्हणता? बरं. बरं, बरं. सरका जरा, मला उठू द्या, वळसा घालायचाय.